नावे पडलेली बारा युनिटं

आण्णांच्या दुकानात दोन वह्या असायच्या, कीर्द आणि खतावणी. कराडला मंडईच्या अंगाला आमचं किराणा दुकान होतं. दुपारी गिऱ्हाईक पांगलं की आण्णा कीर्दीतली एकेक रक्कम खतावणीत ज्याच्या त्याच्या पानावर चढवत बसायचे. डावीकडे जमा, उजवीकडे नावे, म्हणजे खर्चात किंवा उधारीवर गेलेलं. मी शाळेतून आले की शेजारी बसून बेरजा तपासायची. ती सवय अजून सुटलेली नाही. कॅलिफोर्नियात, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी मी पुन्हा कॉलेजात नाव घातलं, त्या दिवशी एक लांबट वही आणली आणि पहिल्या पानावर उभी रेघ मारली. २०१६ च्या ऑगस्टपासूनचा माझ्या शिक्षणाचा सगळा हिशोब त्या वहीत आहे.

गेल्या महिन्यात ती वही पुन्हा काढावी लागली. रविवारी मराठी शाळा सुटल्यावर पार्किंगमध्ये एक मैत्रीण थांबली होती. तिची मुलगी बारावीत. आजूबाजूच्या गाड्या निघून जाईपर्यंत ती इकडचं तिकडचं बोलत राहिली आणि मग आवाज खाली आणून म्हणाली, "अगं, ती म्हणतेय कम्युनिटी कॉलेजात जाते, मार्केटिंगची असोसिएट डिग्री करते. तू केलीयेस ना? काही अर्थ आहे का त्यात? खरं सांग."

कम्युनिटी कॉलेज म्हणजे सगळ्यांना प्रवेश देणारं, पहिल्या दोन वर्षांचं सरकारी कॉलेज, आणि असोसिएट ही तिथली दोन वर्षांची डिग्री. आवाज का खाली आला, ते मला कळलं. आपल्या लोकांत इथे मुलांच्या कॉलेजांची नावं गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद घेता घेता विचारली जातात. त्या वेळी "कम्युनिटी कॉलेज" म्हटलं की समोरचा क्षणभर थांबतो आणि मग जरा जास्तच आपुलकीनं "छान छान" म्हणतो. तो थांबलेला क्षण मी स्वतः अनुभवलाय. सतरा वर्षांच्या मुलीला तो सोसावा लागू नये असं तिच्या आईला वाटलं, तर त्यात तिचं काय चुकलं?

खरं सांगायला पार्किंगमधली पाच मिनिटं पुरली नाहीत. म्हणून हे लिहितेय.

आधी माझी गोष्ट, कारण कोणत्या जागेवरून हिशोब मांडतोय त्यावर उत्तर बदलतं. मी कराडात रयतच्या कॉलेजात बी.कॉम.ला होते. एस.वाय. झालं आणि आण्णा गेले. दुकान बघायला कुणीतरी हवं होतं, धाकटा भाऊ शाळेत होता. टी.वाय.ला मी बसलेच नाही. पुढे लग्न झालं, २०१० मध्ये नवऱ्याच्या एच-१बी या कामाच्या व्हिसाबरोबर मी एच-४ वर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर, इकडे आले. एच-४ वर काम करता येत नव्हतं. २०१५ च्या मे महिन्यात नियम बदलला. ज्यांच्या जोडीदाराचा ग्रीन कार्डसाठीचा आय-१४० अर्ज मंजूर झालाय, त्यांना कामाचा परवाना मागता यायला लागला. माझं कामाच्या परवान्याचं कार्ड पुढच्या वर्षी हातात आलं. मी अर्ज पाठवायला सुरुवात केली आणि कुठूनही उत्तर आलं नाही. शिक्षणाच्या रकान्यात लिहायला माझ्याकडे बारावी होती आणि इकडे आल्यापासूनची सहा वर्षांची मोकळी जागा.

एक गोष्ट मात्र इथे ठळकपणे लिहायला हवी, कारण ती मला कुणी सांगितली नाही. एच-४ वर कामाला बंदी होती, शिकायला कधीच नव्हती. शिवाय कॅलिफोर्नियात एच-४ वरचा माणूस इथला रहिवासी ठरू शकतो. राज्यात एक वर्ष आणि एक दिवस काढला आणि इथेच राहायचा इरादा कागदपत्रांनी दाखवला, की फी स्थानिकांचीच लागते. केंद्र सरकारची आर्थिक मदत एच-४ वर मिळत नाही, पण तिच्यावाचून फार अडेल इतकी ती फी नाही. २०११ पासून ते दार माझ्यासाठी उघडं होतं. माझ्या घरापासून चार मैलांवर.

एका युनिटला, म्हणजे साधारण एक तृतीयांश विषयाला, ४६ डॉलर. वाचनालयातल्या संगणकावर तो आकडा मी पहिल्यांदा वाचला, तेव्हा मला वाटलं मागचं एक शून्य गळलं असावं. २०१२ पासून कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांत रहिवाशांसाठी हाच दर आहे. असोसिएट डिग्रीला ६० युनिटं, म्हणजे सगळी मिळून २,७६० डॉलर. इथले जुने लोक या रकमेबद्दलही हळहळतात, कारण १९८४ पर्यंत ही फीसुद्धा नव्हती. राज्यात अशी ११६ कॉलेजं आहेत. प्रवेश परीक्षा नाही, गुणांची अट नाही, वयाची नाही. १९०१ मध्ये इलिनॉयमधल्या जोलिएटला पहिलं सार्वजनिक ज्युनिअर कॉलेज निघालं. १९४७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांच्या आयोगानं सांगितलं की गावोगाव अशी कॉलेजं हवीत आणि त्यांची दारं सगळ्यांना उघडी हवीत. कम्युनिटी कॉलेज हे नाव तिथून रूढ झालं.

हे वाचताना मला परकं काही वाटलं नाही. १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले गावात कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली. 'कमवा आणि शिका' म्हणत ज्या मुलांना कुणी वर्गात घेत नव्हतं त्यांना तिनं घेतलं. आमचे आण्णा त्याच शाळांतून शिकले. कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय हे त्यांना एका वाक्यात कळलं असतं, आणि त्यांनी आवाज खाली आणला नसता.

आता वही.

पहिल्या तीन वर्षांच्या पानांवर उजवीकडे फीचे २,७६० आहेत. पुस्तकांचे अकराशेच्या आसपास, तेही जुनी घेऊन, वाचनालयातून आणून आणि एकदा दुसऱ्या मुलीबरोबर निम्मे निम्मे भरून. (आता हा खर्च बराच टाळता येतो. राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्सनं २०२३ मध्ये मार्केटिंगच्या मूलतत्त्वांचं पाठ्यपुस्तक फुकट उपलब्ध करून दिलंय, आणि पुस्तकाचा खर्च नसलेले वर्ग वेळापत्रकात वेगळ्या खुणेनं दाखवतात.) पार्किंग आणि आरोग्य फी मिळून चारशे. आणि त्याखाली माझ्या अक्षरात एक ओळ आहे, जी मी तेव्हा लिहिली आणि नंतर कितीतरी वेळा तिच्यावर बोट ठेवलं: मुलाला सांभाळणं, आठवड्याला दोन संध्याकाळी, तीन तास, तासाला १५ डॉलर. सोळा आठवड्यांच्या सेमिस्टरला १,४४०. अशी दोन सेमिस्टरं, कारण त्या काळात नवऱ्याला लवकर निघता येत नव्हतं. २,८८० डॉलर. माझ्या अख्ख्या डिग्रीच्या फीपेक्षा जास्त.

आणि जे वहीत लिहिलंच नाही ते त्याहून मोठं. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात मोठ्या दुकानांतलं किमान वेतन तासाला ११ डॉलर होतं. आठवड्याला वीस तास काम केलं असतं तरी वर्षाला अकरा हजार डॉलर. मी ते केलं नाही, त्या संध्याकाळी वर्गात बसले. नवऱ्याचा पगार होता म्हणून बसू शकले. माझ्या शेजारी बसणारी बाई रात्रपाळीत किराणा दुकानाच्या फळ्या भरून यायची आणि पहिल्या रांगेत डोळे ताणून बसायची. तिच्या उजव्या रकान्यात हे अकरा हजार दर वर्षी खरोखर पडत होते, भाड्याच्या आणि औषधांच्या रूपानं. आमच्या पाच जणांच्या गटातून दोघींनीच डिग्री पुरी केली. ती दुसरी. उरलेले तिघे हुशार नव्हते असं कुणी म्हणू नये. एकाची पाळी बदलली, एकीची गाडी बंद पडली आणि ती दुरुस्त होईपर्यंत सेमिस्टर निघून गेलं, एक जण न सांगताच यायचा थांबला.

वर्गात काय मिळालं? इथे मी जरा रेंगाळणार आहे.

दुसऱ्या सेमिस्टरला मार्केटिंगची तत्त्वं हा विषय होता. प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस, प्रमोशन. जेरोम मॅकार्थी यांनी १९६० मध्ये मांडलेले हे चार पी अजूनही पहिल्याच आठवड्यात शिकवतात. मग सेगमेंटेशन आलं, म्हणजे गिऱ्हाइकांचे गट पाडणं आणि प्रत्येक गटाला काय हवं ते ओळखणं. प्राध्यापकांनी विचारलं, तुम्ही पाहिलेलं एखादं उदाहरण सांगा. बाकीच्यांनी कॉफीच्या आणि बुटांच्या कंपन्या सांगितल्या. मी पहिल्यांदाच हात वर केला आणि आण्णांचं दुकान सांगितलं.

आमच्याकडे तीन तऱ्हेची गिऱ्हाइकं होती. मंडईतले हमाल रोजचं रोज घ्यायचे. त्यांच्यासाठी आण्णा सकाळी सहाला दुकान उघडायच्या आधी चहापूड आणि साखरेच्या छोट्या पुड्या बांधून ठेवायचे, म्हणजे कुणाला पाव किलो परवडत नाही हे त्याला बोलून दाखवावं लागू नये. शाळांमधले गुरुजी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात यादी घेऊन यायचे. त्यांचा माल पोत्यात भरून घरपोच जायचा. आणि कृष्णाकाठचे ऊसवाले शेतकरी. त्यांच्या हातात पैसा यायचा तो कारखान्याचं बिल निघाल्यावर, म्हणून त्यांची उधारी महिन्याची नसायचीच. खतावणीत त्यांच्या पानावर आण्णा तारीख न घालता नुसतं 'ऊस बिलावर' असं लिहायचे. कोणत्या कारखान्याचं बिल कधी निघतं हे त्यांना तोंडपाठ असायचं आणि त्याच्या आधीच्या बुधवारी ते गूळ, खोबरं, चांगला तांदूळ पुढच्या फळीवर आणायचे.

माझं इंग्रजी तेव्हा अडखळत होतं. सांगून झालं तेव्हा प्राध्यापक फळ्याकडे वळले आणि त्यांनी माझं बोलणं तीन रकान्यांत लिहून काढलं. वर लिहिलं: सेगमेंट, प्राइस, प्लेस. खाली हमाल, गुरुजी, ऊस, माझ्याच उच्चारांत. मी वहीत काही लिहू शकले नाही त्या दिवशी. दहा वर्षांची असल्यापासून जे पाहत आले त्याला नाव आहे, ते शिकवलं जातं, त्यावर लोक पोट भरतात, हे मला त्या फळ्यावर दिसलं. हे जमेच्या बाजूला किती डॉलरनं मांडायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

डिग्री २०१९ च्या मे महिन्यात हातात आली. दोन महिन्यांनी फिजिओथेरपीच्या एका छोट्या दवाखान्यात मार्केटिंग सहायक म्हणून नोकरी मिळाली, तासाला २० डॉलर. मुलाखतीत मालकीणबाईंनी डिग्रीबद्दल एक प्रश्न विचारला नाही. मी शेवटच्या सेमिस्टरचा प्रकल्प फाइल करून नेला होता: गावातल्या एका शिकवणीवर्गाचे पालक कुठून येतात, का गळतात, याची पाहणी आणि त्यांना पाठवायच्या ईमेलचे नमुने. त्या तो उलटून उलटून पाहत राहिल्या. नोकरी त्या फाइलनं दिली. पण ती फाइल त्या वर्गाशिवाय झाली नसती, हेही तितकंच खरं.

मग दोन वर्षांनी भिंत लागली. दवाखान्यात वाढायला जागा नव्हती, म्हणून मी दुसरीकडे अर्ज करायला लागले. मार्केटिंग स्पेशालिस्ट, कंटेंट मॅनेजर, मार्केट रिसर्च अ‍ॅनालिस्ट. काम वाचलं की वाटायचं, हे तर मी रोज करते. खाली अट असायची: बॅचलर्स डिग्री आवश्यक. अर्जाच्या फॉर्मवर शिक्षणाच्या यादीतून असोसिएट निवडलं की पुढे कुणाचंही उत्तर येत नसे. मग ठरवलं, असोसिएट आहेच, दोन वर्षांत बॅचलर्स पुरी करू.

२०२२ मध्ये मी पहिल्यांदा कॉलेजच्या काउन्सेलरसमोर बसले. तीन वर्षं शिकत असताना गेले नव्हते. संकेतस्थळावरची विषयांची यादी पाहायची आणि एकेक विषय घेऊन खूण करायची, असंच चाललं होतं. त्या बाईंनी माझी गुणपत्रिका आणि कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीची, म्हणजे बॅचलर्स देणाऱ्या राज्याच्या सरकारी विद्यापीठाची, विषयांची यादी शेजारी शेजारी ठेवली, पेन्सिल घेतली आणि अगदी हळू आवाजात समजावून सांगायला लागल्या.

ते जसं मला कळलं तसं सांगते. कम्युनिटी कॉलेजात दोन जातीच्या असोसिएट डिग्र्या असतात. एक सरळ कामाला लावणारी. माझी मार्केटिंगची तशी होती. दुसरी ट्रान्स्फरसाठीची, म्हणजे पुढे युनिव्हर्सिटीत जाण्यासाठीची. २०१० च्या कायद्यानं कॅलिफोर्नियात सुरू झालेली ही डिग्री घेतली की स्टेट युनिव्हर्सिटीच्या कुठल्या ना कुठल्या कॅम्पसमध्ये तिसऱ्या वर्षाला जागा नक्की आणि त्याच वाटेच्या विषयात पुढे ६० युनिटांत बॅचलर्स पुरी. मार्केटिंगमध्ये बॅचलर्स करायची असेल तर ट्रान्स्फरची डिग्री घ्यायची ती बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशनची, आणि तिच्या मुख्य विषयांत मार्केटिंग जवळजवळ नसतंच. हिशोबशास्त्राचे दोन विषय, अर्थशास्त्राचे दोन, व्यवसाय कायदा, संख्याशास्त्र. कारण मार्केटिंगची तत्त्वं हा विषय स्टेट युनिव्हर्सिटीत सहसा तिसऱ्या वर्षाचा मानतात, आणि पहिल्या दोन वर्षांच्या कॉलेजात घेतलेला विषय त्याच्या जागी चालत नाही.

म्हणजे मी मन लावून केलेले चार विषय, मार्केटिंगची तत्त्वं, जाहिरात, विक्रीकला आणि किरकोळ विक्रीचं व्यवस्थापन, नुसते ऐच्छिक म्हणून धरले गेले. डिग्रीची एकही अट त्यांनी भागली नाही. उलट जे हवं होतं ते माझ्याकडे नव्हतं. माझ्या डिग्रीला तेव्हा इंटरमीजिएट अल्जिब्रा पुरलं होतं, स्टेटला संख्याशास्त्र हवं होतं. हिशोबशास्त्राचे दोन्ही विषय हवे होते. कीर्द-खतावणीत वाढलेली मी, आणि तेच घेतले नव्हते. मॅक्रोइकॉनॉमिक्सही राहिलं होतं.

त्या रात्री वही उघडून मी उजव्या बाजूला लिहिलं: १२ युनिटं, ५५२ डॉलर. वाचायला किती लहान रक्कम. मग खाली संध्याकाळी मोजल्या. तेव्हा सेमिस्टरला साधारण दहा युनिटं होत होती, म्हणजे ती बारा युनिटं एका अख्ख्या सेमिस्टरहून जास्त होती. आणि राहिलेले चार विषय, आता नोकरी सांभाळून सेमिस्टरला दोन, भरायला आणखी एक वर्ष जाणार होतं. मुलगा चार वर्षांचा होता तेव्हा मी सुरुवात केली होती. त्या वर्षांत त्याला झोपवताना मी घरी नव्हते अशा किती रात्री होत्या, ते मोजलं आणि वही मिटली.

म्हणून मैत्रिणीला मी पहिल्यांदा सांगितलं ते हेच, की फी पाहून स्वस्त की महाग ठरवू नकोस. फी हा या हिशोबातला सगळ्यात लहान आकडा आहे.

मोठे आकडे कुठे आहेत? अमेरिकेच्या श्रमखात्याचे आकडे पाहिले तर २०२३ मध्ये पूर्णवेळ काम करणाऱ्यांचं आठवड्याचं मध्यम उत्पन्न बारावीवाल्यांचं ८९९ डॉलर, असोसिएटवाल्यांचं १,०५८ आणि बॅचलर्सवाल्यांचं १,४९३ होतं. बारावी ते असोसिएट हे अंतर वर्षाला सव्वाआठ हजारांचं, असोसिएट ते बॅचलर्स हे साडेबावीस हजारांचं. खरी उडी दुसऱ्या पायरीवर आहे. आणि पहिल्या पायरीचा आकडाही मार्केटिंगवाल्यानं जसाच्या तसा आपल्या खिशात घालू नये. त्यात डेंटल हायजिनिस्ट आहेत, ज्यांचं २०२३ चं मध्यम वार्षिक वेतन ८७,५३० डॉलर होतं. त्यांची असोसिएट डिग्री ही परवान्याकडे नेणारी वाट आहे. ती नसेल तर कुणी त्यांना दातांना हात लावू देत नाही. मार्केटिंगला परवाना लागत नाही. तिथं बारावी झालेला हुशार मुलगा, असोसिएट झालेली मी आणि बॅचलर्स झालेली तिसरी कुणी एकाच जागेसाठी अर्ज करतो. तेव्हा मधल्या डिग्रीचा कागद एकटा फार जोर लावू शकत नाही.

कॉलेजांच्या पत्रकांवर मार्केटिंग मॅनेजरचा पगार छापलेला असतो. तो आकडा खोटा नाही, २०२३ मध्ये मध्यम वेतन १,५७,६२० डॉलर होतं. पण त्या खुर्चीत बसलेल्या माणसाकडे सहसा बॅचलर्स आणि बरीच वर्षं असतात. त्याऐवजी मार्केट रिसर्च अ‍ॅनालिस्टचे ७४,६८० डोळ्यांसमोर ठेवावेत, आणि तिथेही सुरुवात बॅचलर्सपासून होते. शिक्षण खात्याचं कॉलेज स्कोअरकार्ड म्हणून संकेतस्थळ आहे. त्यावर बऱ्याच ठिकाणी कॉलेज आणि अभ्यासक्रमानुसार बाहेर पडलेल्यांची कमाई पाहता येते. प्रवेशाच्या आधी अर्धा तास त्यावर घालवावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

हे ऐकून मराठी मंडळातल्या दुसऱ्या एका ओळखीच्या मुलीनं मला विचारलं, "ताई, मग मी तर करूच नको ना?" ती पुण्याहून एम.कॉम. करून आलीय, एच-४ वर आहे. तिला मी म्हटलं, तू असोसिएट डिग्री नको करूस, पण कॉलेजात जा. तुझ्याकडे पदव्युत्तर शिक्षण आहे, तुला सामान्य शिक्षणाची युनिटं पुन्हा भरायची गरज नाही. डिजिटल मार्केटिंगचं सर्टिफिकेट अठरा युनिटांच्या आसपास असतं, म्हणजे ८२८ डॉलर. गूगलचे आणि हबस्पॉट या मार्केटिंग सॉफ्टवेअरच्या कंपनीचे बरेच कोर्स फुकट आहेत, तेही कर. पण वर्गात बसून गटात काम कर, एखाद्या खऱ्या दुकानासाठी काहीतरी करून दाखव, आणि तुझं काम पाहिलेला एक प्राध्यापक मिळव, जो उद्या फोनवर तुझ्याबद्दल चार वाक्यं बोलेल. सहा-सात वर्षं घरात राहिलेल्या बाईला या देशात तिच्याबद्दल बोलणारं कुणीच नसतं. मला ते माणूस कॉलेजनं दिलं, आणि ते मला कुठल्याच ऑनलाइन कोर्सनं दिलं नसतं.

मैत्रिणीच्या मुलीची गोष्ट वेगळी. ती बारावीतून थेट जाणार, पूर्णवेळ. २०१७ च्या कायद्यानंतर पहिल्यांदा आणि पूर्णवेळ येणाऱ्या विद्यार्थ्यांना बरीच कॉलेजं पहिली दोन वर्षं फी माफ करतात. राहायला घर आहे, जेवायला आईच्या हातचं. समोर दुसरा पर्याय होता तो दुसऱ्या राज्यातल्या एका खासगी कॉलेजाचा, वर्षाला सत्तर हजारांच्या घरात, निम्मं कर्ज काढून. दोन वर्षांनी स्टेट युनिव्हर्सिटीत गेली तर तिथली पूर्णवेळ ट्यूशन मी गेले तेव्हा, २०२३-२४ मध्ये, वर्षाला ५,७४२ डॉलर होती. मग दर वर्षी ६ टक्के वाढ ठरली आणि पुढच्या वर्षी ती ६,०८४ झाली. कॅम्पसच्या फिया वेगळ्या. सगळं धरूनही दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या तर तुलना करायलाच नको.

शनिवारी दोघी घरी आल्या. जेवणाच्या टेबलावर मी माझी वही ठेवली आणि मुलीनं तिचा लॅपटॉप. असिस्ट नावाचं संकेतस्थळ उघडलं. कॅलिफोर्नियातल्या कुठल्या कॉलेजचा कुठला विषय कुठल्या सार्वजनिक विद्यापीठात कशाच्या जागी धरतात, ते त्यावर ओळीनं दिसतं. २०१६ मध्येही ते होतं. मुलीनं एका बाजूला कॉलेज निवडलं, दुसऱ्या बाजूला युनिव्हर्सिटी, आणि यादी वाचत गेली. अकाउंटिंग, अकाउंटिंग, मायक्रो, मॅक्रो, बिझनेस लॉ, स्टॅट्स. तिचा चेहरा पडत चालला. शाळेच्या रोबोटिक्स टीमचं इन्स्टाग्राम ती एकटी सांभाळते, त्यात तिचा जीव आहे.

"मावशी, यात मार्केटिंग कुठेय?"

"तिसऱ्या वर्षी."

"दोन वर्षं नुसतं हे?"

तिच्या आईनं माझ्याकडे पाहिलं. मी तिला नुसतं हेच कर असं सांगितलं नाही, कारण मला फळ्यावरचे ते तीन रकाने आठवत होते. मार्केटिंगचा एक विषय नक्की घे म्हटलं. धरला नाही तरी चालेल, पण तो कशाच्या जागी धरत नाहीत हे आधी जाणून घे, आणि एकच घे. पहिल्या महिन्यात काउन्सेलरची वेळ घे, सगळ्या सेमिस्टरांची आखणी लेखी घे, दर सेमिस्टरला जाऊन ती तपास. आणि त्या इन्स्टाग्रामचे आकडे, काय टाकलं, किती लोक आले, त्यातले किती मदतीला थांबले, हे आजपासून लिहून ठेव. ती लिहून घेत होती. तिच्या आईनं वहीतली सांभाळणावळीची ओळ वाचली, काही बोलली नाही, दोन पानं उलटून पुन्हा त्याच ओळीवर आली.

गुरुवारी संध्याकाळी माझा वर्ग असतो. मार्केटिंगची तत्त्वं, स्टेट युनिव्हर्सिटीचं, तिसऱ्या वर्षाचं. तेच चार पी मी दुसऱ्यांदा शिकतेय, या वेळी कितीतरी पट फी भरून. या सेमिस्टरचा निबंध किमतीवर आहे: वस्तूचा भाव आणि पैसे देण्याची मुदत या दोन्ही मिळून किंमत कशी ठरते. मी कराडला आईला फोन केला आणि माळ्यावरच्या ट्रंकेत आण्णांच्या खतावण्या अजून आहेत का ते विचारलं. ती म्हणाली, वाळवीनं बऱ्याच खाल्ल्या, बघते.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावाच्या फोनवरून फोटो आला. कडा कुरतडलेलं एक पान, आण्णांचं मोडीच्या वळणाचं देवनागरी. नाव अर्धं गेलंय. जमेची बाजू कोरी आहे, नावे बाजूला तांदूळ, गूळ, खोबरेल आणि एका ठिकाणी 'मुलीचं लग्न, सामान'. बेरजेच्या खाली तारखेच्या जागी दोन शब्द आहेत, ऊस बिलावर. आणि त्यांच्या शेजारी, वेगळ्या शाईत, माझ्या तेव्हाच्या गोलगरगरीत अक्षरात: बेरीज तपासली.